चामडी वस्तूंसाठी योग्य शेवटचा लेप कसा निवडावा

चामड्याच्या कामात कापणी, कोरणी आणि शिवण यांविषयी जितके बोलले जाते, त्याच्या निम्मेही शेवटच्या लेपाविषयी बोलले जात नाही. आणि तरीही वस्तू काही वर्षांनी कशी दिसेल, हे बऱ्याचदा याच शेवटच्या टप्प्यावर ठरते. सुरुवातीच्या काळात मी एका कमरेच्या पट्ट्यावर ॲक्रिलिकचे तीन जाड थर दिले होते. टेबलावर ठेवलेला तो पट्टा काचेसारखा चमकत होता. वापरायला घेतल्यावर बक्कल जिथे बसते, म्हणजे पट्टा रोज नेमका जिथे मुडपतो, तिथे महिन्याभरात केसाएवढ्या बारीक आडव्या भेगा दिसू लागल्या आणि त्यांतली एक भेग नखाने खरवडली तेव्हा पारदर्शक पापुद्रा सुटून बोटावर आला. त्याच चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर मी मेणाची क्रीम चोळून ठेवली होती. तो तुकडा कितीही वेळा दुमडला तरी त्यावर एक रेघही उमटली नाही. ॲक्रिलिक वाईट नव्हते, पण ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या जाडीने बसले होते.

तेव्हापासून लेप निवडताना मी बाटलीवरचे नाव सर्वांत शेवटी वाचतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवून घेतो: हा लेप चामड्याच्या आत मुरणार की वर थर धरून बसणार, आणि ही वस्तू वापरात किती वाकणार. वर बसणाऱ्या लेपाला चामड्याबरोबर वाकता आले पाहिजे आणि मुरणाऱ्या लेपाला आत शिरायला वाट मिळाली पाहिजे. पुढचे सारे मार्गदर्शन या दोन गोष्टींवरच उभे आहे.

हातातले चामडे कोणत्या जातीचे आहे

कातडी कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. झाडांच्या साली, लाकूड आणि फळे यांतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याला कारागीर व्हेज-टॅन म्हणतात. ते पाणी पिते, ओले असताना त्यावर नक्षी ठसते, साच्यात दाबले तर आकार धरते आणि उन्हात हळूहळू मधाच्या रंगाकडे झुकते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे अधिक मऊ आणि लवचीक असते, मात्र त्यावर नक्षी टिकत नाही. त्याच्या कापलेल्या कडेत अनेकदा निळसर-राखी छटा दिसते, पण ते आरपार रंगवलेले असेल तर ही खूण लपते. म्हणून केवळ कडेवर विसंबून राहू नये.

लेपाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की क्रोमचे चामडे बहुतेक वेळा कारखान्यातूनच रंगद्रव्य आणि संरक्षक थर चढवून येते. त्यावर आपण घरी काही लावले तर ते आत जात नाही, वरच्या वर चिकट राहते किंवा पुसले जाते. अशा चामड्याला नवा लेप लावायची गरजच नसते. कडा नीट करून, वरून हलका हात फिरवून ते तसेच वापरावे.

खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाण्याचा थेंब. तुकड्याच्या दर्शनी बाजूवर एक थेंब ठेवून शांतपणे पाहावे. काही सेकंदांत थेंबाची कड विरघळून भोवती गडद वर्तुळ पसरले, तर चामडे उघडे आहे आणि मुरणारा किंवा बसणारा कोणताही लेप ते घेईल. थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला, तर वर आधीच काहीतरी आहे. थेंब बराच वेळ रेंगाळून शेवटी मंदपणे आत गेला, तर चामड्यात तेल-मेण भरलेले असण्याची शक्यता मोठी. अशा तेल-मेण भरलेल्या चामड्याची दुसरी खूण म्हणजे ते वाकवले की वाकलेल्या जागी रंग फिका पडतो आणि बोटाने चोळले की पुन्हा गडद होतो. यावर पाण्यातला ॲक्रिलिक लेप धरतच नाही. त्याला फक्त त्याच जातीचे मेण किंवा बाम द्यावे.

लव असलेल्या स्वेड आणि नुबक या चामड्यांचा विचार इथेच संपवतो. मेण, तेल किंवा ॲक्रिलिक लागले की त्यांची लव चिकटून सपाट होते आणि ती पूर्वीसारखी कधीच उभी राहत नाही. त्यांच्यासाठी बनवलेला पाणी झटकणारा फवारा एवढाच त्यांचा लेप.

मुरणारे लेप

नीट्सफूट तेल हे या कामातले सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत विश्वासाचे तेल. ते गुरांच्या नडगीची हाडे आणि खूर सोडून उरलेले पाय उकळून काढतात आणि थंडीतही ते पातळ राहते. नक्षीकाम आणि रंगकाम यांत चामडे पुन्हा पुन्हा भिजते व सुकते, त्याचे मूळचे स्नेहद्रव्य कमी होते. ते भरून काढण्यासाठी हे तेल असते. ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ असे त्याचे दोन प्रकार मिळतात. मिश्र प्रकारात खनिज तेल मिसळलेले असते, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचून शुद्ध तेलच घ्यावे असे माझे मत आहे. तेलाने चामड्याचा रंग गडद होतो. त्यातला काही गडदपणा एक-दोन दिवसांत कमी होतो, सगळा जात नाही. आणि तेल संरक्षण देते हा समज अर्धाच खरा आहे. तेल चामड्याला जिवंत ठेवते, पण पाणी किंवा घासणे यांपासून ते फारसे वाचवत नाही. जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होते, ताणले की सैल पडते आणि पुढचा लेप धरू देत नाही.

मेण हा खरा मधला मार्ग आहे, कारण ते थोडे मुरते आणि थोडे वर राहते. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, हाताला किंचित चिकट लागते आणि मंद चमक देते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण 82 ते 86 अंशांना वितळते. ते कठीण असते आणि घासल्यावर चांगली चकाकी देते, पण एकटे वापरले तर ठिसूळ वागते. म्हणूनच बहुतेक चांगल्या क्रीम आणि बाममध्ये ही दोन्ही मेणे तेलाबरोबर एकत्र केलेली असतात.

घरी बाम बनवायचा असेल तर वजनाने 1 भाग मधमाश्यांचे मेण आणि 2 ते 3 भाग नीट्सफूट तेल एका भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवावे, मेण विरघळले की ढवळून डबीत ओतावे. तेल वाढवले तर मलम मऊ होते आणि कमी केले तर कडक. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. पाण्याचे तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे त्यात ठेवलेले मेण पेट घेण्याइतके तापत नाही. काही घरगुती कृतींमध्ये जवसाचे तेल सांगितलेले असते. ते मी टाळतो, कारण ते हवेत सुकून कडक होते. शिवाय त्याने भिजलेली फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात. तरीही कोणी ते वापरलेच, तर फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावीत.

वर बसणारे लेप

पाण्यातले ॲक्रिलिक हे आज सर्वाधिक वापरले जाणारे संरक्षण आहे. रेझोलीन या नावाने मिळणारा लेप याच जातीचा. पाणी उडून गेले की ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून एकसंध पापुद्रा बनतो. तो पाणी आणि रंगाची गळती दोन्ही चांगल्या प्रकारे रोखतो. त्याचा दोष एकच, पण मोठा: जाड झाला की तो चामडे न राहता प्लॅस्टिक वाटू लागतो आणि वाकणाऱ्या जागी फुटतो. टॅन कोटसारखे राळेवर आधारलेले लेप याहून सौम्य असतात. ते मऊ राहतात, नैसर्गिक चमक देतात, मात्र पाण्यापासून फारसे वाचवत नाहीत. घरात राहणाऱ्या, क्वचित हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंना ते पुरेसे आहेत.

लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला द्रावकातला लेप, चकचकीत आणि कठीण थर देतो. कोरलेल्या नक्षीवर गडद पेस्ट भरण्याआधी उंच भाग झाकून ठेवायला तो उत्तम, कारण पेस्ट त्याला चिकटत नाही. पण त्याची वाफ जोरदार आणि ज्वालाग्राही असते. खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून दूर आणि योग्य मुखवटा लावूनच तो वापरावा. दमट हवेत लॅकर लावला तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर दुधाळ दिसतो. पावसाळी दिवशी लॅकर बाजूला ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

लाख, म्हणजे लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून बनलेला अल्कोहोलमधला लेप, सुंदर उबदार चमक देतो, पण तो ठिसूळ असतो आणि अल्कोहोल लागताच सुटतो. हात निर्जंतुक करणारा द्रव लावलेल्या बोटांनी रोज उचलली जाणारी वस्तू लाखेने झाकणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. चित्राच्या चौकटीसारख्या स्थिर, न वाकणाऱ्या वस्तूवर मात्र ती शोभते.

सिलिकॉन असलेल्या फवाऱ्यांविषयी एक सावधगिरी. ते झटपट पाणी झटकतात, पण एकदा चामड्यात गेले की त्यावर पुढे कोणताही रंग किंवा लेप नीट धरत नाही. दुरुस्तीची वाट कायमची बंद करणारी गोष्ट मी हौसेच्या कामात तरी वापरत नाही.

वस्तूला काय सोसावे लागणार आहे

आता बाटलीऐवजी वस्तूकडे पाहावे. पट्टा वाकतो, ताणला जातो आणि दिवसभर कपड्याला घासतो. गडद रंगाच्या पट्ट्याचा रंग कपड्यावर उतरू नये म्हणून वर बसणारा थर लागतो आणि तो फुटू नये म्हणून अगदी पातळ लागतो. माझी पद्धत अशी, की रंग पूर्ण घासून काढल्यावर निम्मे पाणी मिसळलेल्या ॲक्रिलिकचे दोन हलके हात द्यायचे, ते एक दिवस सुकवायचे आणि वरून मेणाची क्रीम चोळायची. ॲक्रिलिक रंगाला धरून ठेवते आणि मेण घर्षण सोसते. रंग न दिलेल्या नैसर्गिक पट्ट्याला तर फक्त तेलाचा पातळ हात आणि मेण पुरते. त्यावर ॲक्रिलिक चढवून त्याचे हळूहळू गडद होणे थांबवणे म्हणजे त्या चामड्यावर अन्याय आहे.

पाकीट दिवसातून कितीतरी वेळा उघडते आणि मिटते, आणि घामट बोटे त्याला सतत लागतात. त्याच्या घडीच्या रेषेवर कोणताही जाड थर टिकत नाही. मेण आणि तेलाचा बाम इथे सर्वांत चांगला, कारण हाताळण्यानेच तो घोटला जातो. घड्याळाच्या पट्ट्याचे तसेच, फक्त त्याच्या आतल्या बाजूला रंग देऊ नये. घामाने तो त्वचेवर उतरतो.

सुरी किंवा हत्यारे ठेवण्याच्या म्यानाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते ओले करून आकाराला दाबलेले असते आणि त्याची किंमत त्या कडकपणातच असते. तेल भरपूर लावले की तो आकार ढिला पडतो आणि सुरी म्यानात सैल हलू लागते, ही केवळ गैरसोय नाही, तर धोका आहे. म्हणून म्यानाला तेलाचा एकच नाममात्र हात द्यावा आणि संरक्षणासाठी ॲक्रिलिक किंवा मेण वापरावे. व्हेज-टॅन चामडे मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि ओल धरून ठेवते, त्यामुळे पोलाद त्यात कायम ठेवले तर गंजते आणि पितळी रिबिटांभोवती हिरवा थर येतो. हा दोष कोणताही लेप पूर्णपणे घालवू शकत नाही. सुरी वापरानंतर पुसून म्यानाबाहेर ठेवणे हाच उपाय.

म्यान आणखी कडक हवे असेल तर गरम मेणात बुडवण्याची जुनी रीत आहे. पाण्याच्या भांड्यात ठेवलेले मधमाश्यांचे मेण 70 अंशांच्या थोडे वर ठेवून त्यात पूर्ण कोरडी वस्तू बुडवावी. सुरुवातीला तिच्यातून बारीक बुडबुडे येत राहतात, ती आतली हवा असते. बुडबुडे थांबले की मेण आत भरले असे समजावे. वस्तू ‘पूर्ण कोरडी’ हवी, हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. ओले व्हेज-टॅन चामडे साधारण याच तापमानाच्या आसपास आक्रसू लागते आणि एकदा आक्रसलेले चामडे परत ताणले जात नाही. म्हणून बुडवण्याआधी मी वस्तू निदान दोन दिवस हवेशीर जागी सुकवतो. मेणाने रंग बराच गडद होतो आणि चामडे जवळपास लाकडासारखे वाजते. पिण्यासाठी चामड्याचा पेला करणारे हाच मार्ग वापरतात. त्यासाठी अन्नासाठी योग्य असे शुद्ध मेण घ्यावे, आत रंग लावू नये आणि पेल्यात गरम पेय कधीही ओतू नये, कारण मेण वितळते.

कुत्र्याचा पट्टा आणि बाहेर वापरायच्या वाद्या चिखलापावसात भिजतात, म्हणून त्यांना तेल-मेणाचे जड मलम द्यावे आणि वर्षातून काही वेळा ते पुन्हा द्यायचे हे गृहीत धरावे. वहीचे आवरण, तबक, शोभेची चौकट यांना फारसे काही सोसावे लागत नाही. तिथे आपल्याला आवडणारी चमक हाच निकष चालतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. कोणताही लेप शिवलेली वस्तू पूर्ण जलरोधक करत नाही. पाणी आत शिरते ते शिवणीच्या भोकांतून आणि कडांतून, आणि तिथे दर्शनी बाजूचा थर पोचत नाही. ‘पाण्याचे शिंतोडे सोसेल’ एवढेच वचन प्रामाणिकपणे देता येते.

चाचणीचा तुकडा

ज्या कातडीतून वस्तू कापली, त्याच कातडीचा तुकडा चाचणीला घ्यावा, आणि शक्य असेल तर त्याच भागातला. पाठीचे चामडे घट्ट असते, पोटाचे सैल. दोन्ही लेप सारखा पीत नाहीत. मी साधारण तळहाताएवढा तुकडा घेतो, वस्तूला जो रंग द्यायचा तोच देतो आणि पेनाने मागच्या बाजूला चार चौकोन आखून प्रत्येकात लेपाचे नाव, किती पाणी मिसळले आणि किती हात दिले हे लिहितो. समोरच्या बाजूला चार लेप लावून तुकडा दोन दिवस तसाच सोडतो.

मग चार गोष्टी पाहतो. पांढऱ्या कोरड्या फडक्याने वीस वेळा घासतो, नंतर ओलसर फडक्याने वीस वेळा, आणि फडक्यावर किती रंग आला ते शेजारी शेजारी ठेवून पाहतो. पाण्याचा थेंब पाच मिनिटे ठेवून पुसतो आणि डाग राहतो का ते बघतो. तुकडा दर्शनी बाजू बाहेर ठेवून घट्ट दुमडतो आणि घडीवर तिरपा प्रकाश पाडतो; थर फुटत असेल तर तो आधी तिरप्या प्रकाशात पांढुरक्या रेषेसारखा दिसतो, समोरून पाहिले तर दिसत नाही. शेवटी डोळे मिटून प्रत्येक चौकोनावरून अंगठा फिरवतो. चामडे हातात घ्यायची वस्तू आहे, आणि स्पर्श नकोसा असेल तर बाकीच्या तीन परीक्षांत पहिला आलेला लेपही मी सोडून देतो.

क्रम आणि वाट पाहणे

नक्षी आणि साच्याचे काम झाल्यावर चामडे पूर्ण सुकू द्यावे. हाताच्या मागच्या बाजूला ते गार लागत असेल तर आत अजून ओल आहे. त्यानंतर रंग. रंग सुकल्यावर मऊ कोरड्या फडक्याने घासत राहावे, फडके स्वच्छ निघेपर्यंत. विशेषतः अल्कोहोलमधल्या काळ्या, निळ्या आणि लाल रंगांची बारीक पूड पृष्ठभागावर उरते आणि लेपाखाली अडकली तर पुढे कपड्यांवर उतरते. रंग उतरतो म्हणून लेपाला दोष दिला जातो, पण चूक या घासण्याच्या टप्प्यावर झालेली असते.

रंगानंतर तेलाचा एक अगदी हलका हात, तोही गरज वाटली तरच, आणि मग पूर्ण एक दिवस थांबणे. तेल आत सारखे पसरायला वेळ लागतो आणि पृष्ठभागावर तेल असताना दिलेले ॲक्रिलिक मण्यांसारखे जमते. नक्षीत गडद पेस्ट भरायची असेल तर तिच्याआधी लॅकर किंवा पातळ ॲक्रिलिकचे दोन हात, मग पेस्ट, ती उंच भागांवरून पुसणे, पुन्हा एक दिवस सुकवणे, आणि शेवटचा लेप दाब न देता. पेस्ट पाण्यातली असेल आणि वरचा लेपही पाण्यातला असेल, तर जोराने पुसल्यावर नक्षीतली पेस्ट बाहेर येते. अशा वेळी फवाऱ्याने लेप देणे सर्वांत सुरक्षित.

हात कसा चालवावा

ॲक्रिलिकची बाटली हलवू नये, हळूच उलटी-सुलटी करावी. हलवल्याने बुडबुडे होतात आणि ते चामड्यावर सुकून बारीक खड्डे ठेवतात. तितकेच पाणी मिसळून, ओलसर करून पिळलेल्या स्पंजने लांब सरळ हात द्यावेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकदा हात फिरला त्या जागी परत जाऊ नये, कारण अर्धवट सुकलेला थर स्पंजाने ओढला जातो आणि पट्टे दिसतात. पहिला हात पूर्ण सुकला की दुसरा हात आडवा द्यावा. ओल्या चामड्यावर किंवा गारठ्यात हे काम करू नये. कण नीट मिसळत नाहीत आणि थर ढगाळ राहतो.

मेणाची क्रीम फडक्यावर वाटाण्याएवढी घेऊन छोट्या गोलाकार हालचालींनी चोळावी, कोपऱ्यांत आणि शिवणीत साचलेली जुन्या दातघासणीने काढावी, आणि अर्ध्या तासाने स्वच्छ फडक्याने घोटावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा घोटल्यावर जी चमक येते ती पहिल्या दिवशी येत नाही. तेलासाठी लोकरीचा बोळा चांगला. त्याने मागच्या बाजूने दिलेले तेल दर्शनी बाजूवर डाग न पाडता हळूहळू वर येते.

कडा आणि आतली रवाळ बाजू यांना वेगळे द्रव्य लागते. ट्रॅगकांथ डिंक किंवा टोकोनोलेसारखे घोटायचे द्रव्य लावून लाकडी घोटणी फिरवली की तंतू बसतात, काचेसारखी कड तयार होते आणि त्यावर मेण चोळले की ती टिकते. हे व्हेज-टॅनवरच साधते. क्रोमच्या चामड्याच्या कडेला कडेचा रंग पातळ थरांत द्यावा आणि प्रत्येक थर सुकल्यावर बारीक पॉलिश कागदाने घासावा. कडा घोटण्याचे काम दर्शनी बाजूला ॲक्रिलिक देण्याआधी करावे, नाहीतर कडेवर ओघळलेला लेप घोटण्याचे द्रव्य आत जाऊ देत नाही.

लेप बिघडल्यावर

ॲक्रिलिकचा थर फुटला किंवा पट्टे पडले, तर त्यावर आणखी थर देऊन ते झाकले जात नाहीत, उलट अधिक उठून दिसतात. चामड्यासाठी मिळणाऱ्या थर काढणाऱ्या द्रवाने किंवा ॲसिटोनने फडके ओले करून, आधी चाचणीच्या तुकड्यावर पाहून, थर हळूहळू उचलावा. त्याबरोबर थोडा रंगही जातो, म्हणून पूर्ण भाग पुन्हा रंगवण्याची तयारी ठेवावी. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे, हे काम उघड्या हवेत करावे. जास्त तेल पडलेली वस्तू कोरड्या मक्याच्या पिठात किंवा कागदी रुमालांत काही दिवस ठेवली की बरेच तेल बाहेर शोषले जाते, सगळे नाही.

कपाटात ठेवलेल्या वस्तूवर काही महिन्यांनी पांढुरकी भुकटी दिसली तर बुरशी समजून घाबरू नये. बहुधा ते थंडीत पृष्ठभागावर आलेले मेण किंवा स्निग्धाम्ल असते. केस वाळवण्याचे यंत्र सौम्य उष्णतेवर ठेवून त्या जागी काही सेकंद फिरवावे. भुकटी वितळून चामड्यात परत गेली आणि फडक्याने चमक आली, तर ते मेणच होते आणि वस्तूला काही झालेले नाही. उष्णतेने ती जागची हलली नाही, केसाळ दिसली आणि कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. अशी वस्तू बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी, ते फडके टाकून द्यावे, वस्तू हवेशीर सावलीत पूर्ण सुकवावी आणि मगच तिला मेणाचा नवा हात द्यावा.